अँबॅसेडरची टायमिंग चेन बदलताना: मांजलपूरच्या पार्किंगमधले दोन रविवार

गाडी उभी आहे, इंजिन स्लोवर चालू आहे, आणि पुढच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतोय. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विरतो, सोडला की पुन्हा सुरू. आमच्या अँबॅसेडरला हा आवाज तीन वर्षं होता. बाबा म्हणायचे, "वय झालं तिचं, गुडघे वाजणारच." मी खिडकीची काच वर करायचो.

शेवटी इथे, वडोदऱ्यात, मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः चेन बदलली. खरं तर दोनदा बदलली, कारण पहिल्यांदा चेन गिअरवर एक दात चुकून बसली. तो दात तुमचा चुकू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

हे सगळं १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातून आलेल्या. त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकच्या आत, खाली असतो, आणि क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) त्याला फिरवणारी चेन इंजिनाच्या तोंडाशी, पत्र्याच्या कव्हरमागे. इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाची मांडणी वेगळी आहे, ती गाडी असेल तर हे वाचून पाना उचलू नका.

१. चेनच आहे ना, याची खात्री

पुढून येणारा प्रत्येक आवाज चेनचा नसतो. डायनामोचं बेअरिंग, वॉटर पंप, सैल फॅनबेल्ट, टॅपेट, सगळे त्याच दिशेने बोंबलतात. म्हणून आधी फॅनबेल्ट काढा आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. बेल्टशिवाय पंप फिरत नाही, त्यामुळे याहून जास्त वेळ नको. आवाज गेला तर तुमचा खर्च वाचला, तो डायनामोचा किंवा पंपाचा होता. टॅपेटचा आवाज वरून, रॉकर कव्हरखालून येतो. लांब पेचकसाचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाला लावली की फरक कळतो.

आवाज उरलाच, तर दुसरी परीक्षा. तिला इंजिन खोलावं लागत नाही.

बेल्ट परत चढवा. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून आतला फिरणारा रोटर दिसेल असं करा. बेल्ट ओढून क्रँक पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि पुलीवरची खाच कव्हरवरच्या काट्यासमोर आणून थांबा. आता एकाने रोटरवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने क्रँक हळूहळू उलटा फिरवायचा. रोटर हलायला लागला की लगेच थांबा. खाच काट्यापासून जितकी सरकली, तितका ढिलेपणा.

अंश मोजायला यंत्र नको. पुलीच्या कडेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ३६ ने भागा, ती दहा अंशांची लांबी. मी दहा अंश ही हद्द धरतो, त्यापुढे चेन बदलायची. आमची चौदाच्या आसपास निघाली. यात डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची थोडी झीजही मिसळलेली असते, म्हणून सहा-सात अंश दिसले तर घाबरू नका.

लोक म्हणतात चेन ताणली. पोलाद ताणत नाही, तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश घासतात. एकेका सांध्यात केसाएवढी झीज, पण सगळ्या सांध्यांची मिळून चेन लोंबते. घासलेली चेन मग गिअरचे दातही घासते. म्हणून नुसती चेन बदलणं म्हणजे नवीन चपलेला जुना अंगठा. चेन, दोन्ही गिअर आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा) असेल तर तोही, असा संचच घ्या.

२. सामान आणि हत्यारं

सुटे भाग:

- दुहेरी चेन, क्रँकचा लहान गिअर, कॅमचा मोठा गिअर
- टेन्शनर (या इंजिनांत इतक्या वर्षांत इतकी अदलाबदल झाली आहे की तुमच्यात कोणता आहे ते खोलल्यावरच पक्कं कळतं. म्हणून तो शेवटी घ्या.)
- टायमिंग कव्हरचं पॅकिंग आणि पुढचं ऑइल सील
- कॅमच्या नटाखालचा आणि पुलीच्या नटाखालचा लॉक वॉशर. हे जुने परत वापरू नका, नट अडवायला दुसऱ्यांदा वाकवलेला त्यांचा कान तुटतो.
- ऑइल फिल्टर आणि २० डब्ल्यू ४० ऑइल
- रेडिएटरचे होस पाईप, जुने कडक झाले असतील तर

हत्यारांत पहिली गोष्ट इंची पाने. या इंजिनाचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. चार सुतीच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो बसलेला नसतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नी. माझ्या गाडीच्या कव्हरवरचे दोन बोल्ट आधीच कुणीतरी असे गोल करून ठेवले होते. ते काढण्यात एक अख्खी दुपार गेली.

बाकी: पुलीच्या नटाला मोठी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा, दोन-तीन पायांचा पुलर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सरळ स्टीलची पट्टी, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा), दोन सपाट पेचकस, खडू, टॉर्च, भरपूर चिंध्या. माझ्याकडच्या पुलरचे पाय पुलीमागे शिरत नव्हते, म्हणून मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून ते बारीक करून घेतले. त्याला गाडीचं नाव सांगितल्यावर काम बाजूला ठेवून अर्धा तास तो त्याच्या सासऱ्याच्या अँबॅसेडरबद्दल बोलला. वेळ हातात ठेवून जा.

सुट्या भागांचं सांगायचं तर उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली, त्यामुळे दुकानात जे आहे ते उरलेला साठा किंवा बाहेरच्या कुणी बनवलेला माल. दुकानदार "ओरिजिनल छे" म्हणेल. म्हणू दे. तुम्ही जुनी चेन घेऊन जा, काउंटरवर नवीनच्या शेजारी आडवी ठेवा आणि कड्या मोजा, दोन्हींच्या सारख्याच भरल्या पाहिजेत. मग नवीन चेन पिना उभ्या राहतील अशी आडवी धरा. चांगली चेन सरळ राहते, झिजलेली कमानीसारखी वाकते. गिअरवर ठोकलेला बारीक ठिपका (बसवताना जुळवायची खूण) आहे की नाही हेही दुकानातच बघा. मला पहिल्यांदा दिलेल्या मोठ्या गिअरवर तो नव्हताच. वडोदऱ्यात नाही मिळालं तर मुंबईचं ऑपेरा हाऊस, दिल्लीचा कश्मीरी गेट किंवा कोलकात्याचा मल्लिक बाजार.

अर्थात जुनी चेन दुकानात न्यायची तर आधी गाडी खोलावी लागते. म्हणून दोन रविवार. पहिल्या रविवारी खोला, आठवडाभरात सामान जमवा, दुसऱ्या रविवारी बंद करा.

कागदपत्रांपैकी गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल तेवढं हवं, झेरॉक्स चालेल. टॉर्कचे आकडे त्यातूनच घ्यायचे. चेन बदलायला आरटीओची काही भानगड नाही. पण कुणी मिस्त्री "त्यापेक्षा दुसरं इंजिनच बसवू, स्वस्तात पडेल" म्हणाला, तर थांबा. इंजिन बदललं की आरसी बुकातला इंजिन नंबर बदलावा लागतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करायचं असतं, तेव्हा इन्स्पेक्टर नेमका तोच नंबर बघतो.

३. जागा करणं

बॅटरीची अर्थची वायर काढा. मागच्या चाकांना विटा लावा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी मोठ्या भांड्यात काढा. त्यात कूलंट असेल तर भांडं लगेच झाका. ते गोडसर असतं आणि विषारी असतं, आणि आपल्या गल्लीत गाई आणि कुत्री काही विचारून तोंड घालत नाहीत. मग होस, रेडिएटर, फॅनबेल्ट. रेडिएटर निघाला की हात मोकळा पुढे शिरतो. संप, म्हणजे इंजिनाखालचा तेलाचा डबा, काढायची गरज नाही, कव्हर त्याच्याशी जोडलेलं नसतं.

प्रत्येक बोल्ट काढला की पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी खोचा. कव्हरला दोन जाडीचे बोल्ट आहेत, चुकीच्या भोकात गेले की आटे जातात.

४. पुलीचा नट

सगळ्यात जास्त माणसं इथेच हरतात. पुलीच्या मधोमध हँडल अडकवायच्या खाचा असलेला मोठा नट असतो, त्याच्या वॉशरचा कान आधी सपाट करा. गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक वर, आत एकजण ब्रेकवर पाय देऊन बसलेला. आमच्याकडे आई बसली होती, हातात वाटाण्याच्या शेंगा घेऊन. गोटी नीट बसवा, दांड्याला पाईप लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेने एकसारखा जोर द्या. झटका नको.

नट हलत नसेल तर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. छिन्नी लावून हातोडीने ठोकायचं नाही. क्रँकवर पडणारा प्रत्येक फटका आत बेअरिंगवर पडतो.

नट सैल झाला की पूर्ण काढू नका. गिअर न्यूट्रल करा, प्लग काढलेलेच असू द्या, आणि क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवून पुलीची खाच टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतानाच्या) काट्यासमोर आणा. मग नट काढा आणि पुली पुलरने ओढा. ती कडेने पेचकस घालून उचकटली तर वाकते.

५. कव्हर उघडल्यावर आधी फोटो

कव्हर निघालं की हात मागे घ्या आणि फोन बाहेर काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, जवळून.

क्रँकच्या गिअरपुढे एक पातळ वाटीसारखी चकती दिसेल, ती तेल बाहेर उडू न देणारी. तिचा पुढचा भाग कोणता, त्यावर काढण्याआधी खडूने खूण करा. ही चकती उलटी बसली किंवा विसरली तर नवीन सीलसुद्धा तेल गाळतं.

आता दोन्ही गिअरवरचे ठिपके शोधा. चिंधीने पुसल्याशिवाय दिसत नाहीत. ते एकमेकांसमोर आले पाहिजेत, दोन्ही शाफ्टांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर. कॅमचा ठिपका भलतीकडे वर असेल तर घाबरू नका. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ठिपके क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच भेटतात. पुलीचा नट हाताने परत लावून क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

डिस्ट्रिब्युटरला यात कुठेही हात लावायचा नाही. ठिपके समोरासमोर असताना रोटर कोणत्या दिशेला आहे तेवढी खूण करून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाने "आता काढलंच आहे तर साफ करू" म्हणून तो उपसला, आणि पुढचे चार दिवस गाडी सायलेन्सरमधून फटाके फोडत होती.

खाली संपकडे जाणारी फट चिंधीने बुजवा. एक वॉशर आत पडला की संप उतरवावा लागतो.

६. जुनी काढणं

कॅमच्या नटाच्या वॉशरचा कान उघडा आणि नट काढा. टेन्शनर असेल तर त्याची सरक आत दाबून धरा, नाहीतर स्प्रिंगने उडते. काही टेन्शनरमध्ये लहान ॲलन की घालून फिरवल्यावर सरक आत जाते.

मग दोन पेचकस समोरासमोर लावून दोन्ही गिअर चेनसकट, थोडा हा थोडा तो, असे पुढे आणा. क्रँकच्या गिअरमागे पातळ पॅकिंग वॉशर असतात. ते मोजून डबीत ठेवा. शाफ्टवरच्या अर्धचंद्राकृती चाव्याही (गिअरला शाफ्टवर अडवून धरणारे तुकडे) सैल असतील तर काढून ठेवा.

चेन उतरल्यावर क्रँक किंवा कॅम फिरवू नका. पोरांना "हात लावू नका" असं सांगून उपयोग होत नाही, बॉनेट खाली करून ठेवा.

आमच्या चेनच्या एका बाजूला गंजाचे डाग होते. २०१९ च्या ३१ जुलैला शहर बुडालं, तेव्हा गाडी पाण्यात उभी होती. ऑइल आम्ही तेव्हाच बदललं होतं, पण चेन तोवर ओली राहिली असणार. तुमची गाडी तेव्हा किंवा ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाण्यात असेल, तर चेन बघायला आवाजाची वाट पाहू नका.

७. नवीन बसवणं

आधी गिअरची रांग. वॉशर तितकेच घालून नवीन गिअर चेनशिवाय बसवा, स्टीलची पट्टी दोन्ही गिअरच्या तोंडांवर आडवी धरा आणि फट फीलर गेजने मोजा. फट असेल तर क्रँकच्या गिअरमागचे वॉशर कमी-जास्त करून दोन्ही तोंडं एका पातळीत आणा. तिरपी धावणारी चेन लवकर मरते. मग गिअर परत काढा.

क्रँकची चावी सरळ वर हवी. कॅमची चावी समोरून बघताना साधारण एक वाजल्याच्या जागी.

आता हे काम गाडीपाशी नाही, टेबलावर करा. चेनमध्ये दोन्ही गिअर असे बसवा की ठिपके समोरासमोर येतील. तसाच जोड उचलून आणा, क्रँकचा गिअर चावीवर सरकवा, आणि कॅम केसभर फिरवून त्याची चावी गिअरच्या खाचेत आणा. दोन्ही गिअर एकदम, हळूहळू मागे ढकला.

माझा दात इथेच चुकला. मी उभ्याने, बॉनेटखाली वाकून वरून बघत होतो. वरून ठिपके अगदी समोरासमोर दिसत होते. दुसऱ्यांदा खोललं तेव्हा जमिनीवर बसून, डोळे गिअरच्या उंचीला आणून बघितलं, तर एक ठिपका रेषेच्या बाहेर होता. लहान गिअरचे दात मोजा आणि ३६० ला त्या आकड्याने भागा. २० दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश. गंमत अशी की एक दात चुकूनही गाडी सुरू होते. आमची झाली, स्लोवरही बरी चालली. फक्त लालबाग ब्रिज चढताना दुसऱ्या गिअरखेरीज वर जाईना. मी आठवडाभर कार्बोरेटरला शिव्या दिल्या.

म्हणून स्टीलची पट्टी दोन्ही शाफ्टांच्या मध्यावर धरा. दोन्ही ठिपके तिच्या कडेवर आले पाहिजेत. नंतर कॅमचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, टेन्शनर मोकळा सोडा (दाबलेलाच राहिला तर खळखळ तशीच राहते), आणि क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. ठिपके परत भेटतात का, रोटर आधीच्या खुणेवर येतो का, बघा. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, उलट फिरवून परत तपासा. मी चार फेरे फिरवले, मग बाबांना बसवून त्यांच्याकडून पट्टी धरवून घेतली. चष्मा लावून ते म्हणाले, "बरोबर आहे, आता जेवायला चल."

कॅमच्या लॉक वॉशरचा कान वाकवायचा तो यानंतर. आणि खालची चिंधी काढायला विसरू नका.

८. कव्हर बंद करताना

जुनं पॅकिंग बोथट पात्याने खरवडा. नवीन सील सपाट ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका, ओठाला ग्रीस लावा. चेनवर हाताने ऑइल ओता. पॅकिंगला शेलॅकचा पातळ हात पुरे. लाल सिलिकॉन भरपूर थापायची हौस असते बऱ्याच जणांना. त्याचा आत ओघळलेला तुकडा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

कव्हरचे बोल्ट आधी आवळायचे नाहीत. कव्हर सैल लावा, मग पुली फिरवत फिरवत सीलमधून आत घाला. तिच्यामुळे सील बरोबर मध्यावर येतं. आता बोल्ट आवळा, समोरासमोरचे, थोडे थोडे. उलट क्रम केलात तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि महिन्याभरात पार्किंगमध्ये तेलाचा डाग.

पुढे नवीन लॉक वॉशर, पुलीचा नट, बेल्ट, रेडिएटर, पाणी. ऑइल आणि फिल्टर बदला, आत काही ना काही पडलेलं असतंच. किती ऑइल ते डिपस्टिक सांगेल.

९. सुरू करणं

प्लग काढलेले असतानाच स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावा आणि सुरू करा. पहिल्या काही सेकंदांत थोडा आवाज होईल, तेल पोहोचलं की थांबेल.

इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, परत तपासा. जुनी ढिली चेन होती तेव्हा कुणीतरी तिच्या ढिलेपणाला धरून डिस्ट्रिब्युटर सरकवलेला असतो, तो हिशोब आता चुकतो. आधी सीबी पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) फट ०.०१४ ते ०.०१६ इंच करा आणि मगच टायमिंग.

टॅपेटची फटही बघून घ्या. आठ व्हॉल्व्ह आहेत, बेरीज नऊ लक्षात ठेवा: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सातवा उघडा असताना दुसरा, असं.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइल एकदा बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघा. बारीक चमक असेल तर ती नवीन दातांची, चालतं. खडे किंवा पत्र्याचे तुकडे असतील तर गाडी बाहेर काढू नका, कव्हर परत खोला.

आमच्या थाळीत काही नव्हतं. आवाजही गेला. बाबा मात्र बाजूला बसून अजून कान देतात, आणि परवा म्हणाले की मागचं डावं दार वाजतंय.